मोटारसायकल चालवताना हात बधिर होणे : खर्च करण्याआधी कोणती बोटे बधिर होतात ते पाहावे का?

घाटवाटसरू | ९ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याहून कोल्हापूर आणि आंबोलीमार्गे सावंतवाडीला मोटारसायकलवर गेलो होतो. कराडच्या अलीकडेच उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येऊ लागल्या आणि कोल्हापूर येईपर्यंत त्या बोटांची जाणीव बरीच कमी झाली. चहा घेऊन पुढे निघालो. आंबोलीचा घाट उतरताना एका वळणावर पुढचा ब्रेक दाबला, तेव्हा लक्षात आले की बोटे लिव्हरवर आहेत हे मला दिसते आहे, पण लिव्हरवर किती जोर पडतो आहे हे हाताला कळत नाही. गाडी बाजूला घेऊन मी जवळजवळ अर्धा तास तिथेच थांबलो. सोबत पत्नी मागे बसलेली होती, त्यामुळे तो अर्धा तास माझ्या चांगला लक्षात राहिला आहे.

गाडी ३५० सीसीची, एक सिलिंडरची, ४२,००० किलोमीटर चाललेली आहे. माझे वय ४१, उंची ५ फूट १० इंच. यापूर्वीही १०० किलोमीटरनंतर थोड्या मुंग्या येत असत, म्हणून गेल्या वर्षभरात मी फोमच्या जाड ग्रिप बसवल्या, तळव्यात जेल असलेले हातमोजे घेतले आणि हँडलच्या टोकांना वजनेही लावली. फरक पडला नाही, उलट या वेळी त्रास अधिक झाला. या मंडळींत गाड्या दुरुस्त करणारे, लांबचा प्रवास करणारे आणि वैद्यकीय क्षेत्रातले लोक आहेत. नेमके काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे कृपया सांगावे.

स्पॅनर | ९ नोव्हेंबर, रात्री १०.५५

साताऱ्याजवळ माझे छोटे गॅरेज आहे आणि ही तक्रार घेऊन येणारी गाडी दर आठवड्याला एक तरी असते. बहुतेक जण ग्रिप बदलून घेतात आणि निघून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थरथर इंजिनाची आहे की चाकांची, हे आधी ठरवावे लागते आणि ते घरच्या घरी ठरवता येते. मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरचा वेग धरावा, आधी चौथ्या आणि मग पाचव्या गिअरमध्ये. वेग तोच असताना गिअर बदलला की थरथर बदलत असेल, तर ती इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेली आहे. गिअर कोणताही असला तरी ठरावीक वेगालाच हँडल थरथरत असेल, तर चाक, टायर, रिम किंवा हँडलखालचे बॉलरेसर (ज्या बेअरिंगवर हँडल वळते) यांच्याकडे पाहावे. टायर एका जागी घासला गेला असेल, रिमला आउट आला असेल, म्हणजे ती वाकडी फिरत असेल, किंवा हवा कमी-जास्त असेल, तर ग्रिप बदलून काहीही होणार नाही.

थरथर इंजिनाची असेल, तर ती का असते हेही समजून घेतले पाहिजे. एक सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर-खाली धावतो आणि त्याचा झटका क्रँकच्या, म्हणजे पिस्टनमुळे गोल फिरणाऱ्या दांड्याच्या, वजनाने पूर्णपणे मारता येत नाही. वर-खाली झटका जितका कमी करावा, तितका तो पुढे-मागे वाढतो. टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) मिनिटाला ४००० फेरे दाखवत असेल, तर दर सेकंदाला सुमारे ६७ वेळा हा धक्का चेसिसमधून हँडलपर्यंत येतो. यावर उपाय म्हणून क्रँकच्या उलट दिशेने तितक्याच वेगाने फिरणारा बॅलन्सर शाफ्ट देतात. रॉयल एनफिल्डने २०२० मध्ये मिटिऑर या गाडीबरोबर जे नवे ३५० सीसीचे इंजिन आणले, त्यात तो आहे. त्याआधीच्या ३५० सीसीच्या इंजिनांत तो नव्हता, म्हणून जुनी आणि नवी गाडी एकाच दिवशी चालवणाऱ्याला हा फरक हातालाच कळतो. तेव्हा गाडीच्या बांधणीतून येणारी थरथर आणि झिजेतून आलेली थरथर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कमी करता येते, काढता येत नाही. दुसरी काढलीच पाहिजे.

झिजेच्या बाबतीत ४२,००० किलोमीटरवर मी या गोष्टी पाहीन : इंजिन चेसिसला धरणारे माउंटिंगचे बोल्ट, हँडलचे क्लॅम्प, मागच्या चाकातले धक्का शोषणारे हब रबर, चेन आणि स्प्रॉकेटची झीज, आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट). माउंटिंगचा एक बोल्ट सैल असला तरी संपूर्ण गाडीचा स्वभाव बदलतो. ते बोल्ट पान्याने अंदाजे आवळू नयेत. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरावीक जोराने) आवळावेत, कारण अती आवळल्याने चेसिसवर ताण राहतो आणि थरथर वाढल्याचीही उदाहरणे मी पाहिली आहेत.

एक प्रश्न आहे. गाडी बंद असताना ॲक्सिलरेटर पूर्ण फिरवून सोडला, तर मूठ आपोआप झटकन मागे जाते का? उद्या सकाळी पाहून सांगा, आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही पाहा.

फिजिओ कोल्हापूर | १० नोव्हेंबर, सकाळी ७.१५

मी फिजिओथेरपिस्ट आहे. स्पॅनर यांनी गाडीचे निदान जसे सांगितले, तसे हाताचे निदानही ठरावीक रीतीने करता येते, आणि ते गाडीच्या आधी करावे असे माझे मत आहे, कारण कोणती बोटे बधिर होतात यावरून कोणती नस (मज्जातंतू) कुठे दाबली जाते हे बऱ्याच अंशी कळते.

अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू ही मीडियन नसेची बोटे आहेत. ही नस मनगटाच्या पुढच्या बाजूला एका अरुंद बोगद्यातून जाते, ज्याला कार्पल टनेल म्हणतात, आणि त्याच बोगद्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ स्नायुरज्जूही जातात. मनगट मागे किंवा पुढे खूप वाकले की या बोगद्यातला दाब वाढतो आणि त्याच वेळी घट्ट मूठ आवळली की आणखी वाढतो. मोटारसायकलवर उजवा हात नेमके हेच तासन्‌तास करतो : ॲक्सिलरेटर स्वतःकडे फिरवून धरल्यामुळे मनगट खाली पडलेले आणि मूठ आवळलेली.

करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू ही अल्नार नसेची. ती कोपराच्या मागून जाते, जिथे ठेच लागली की झिणझिण्या येतात, आणि पुढे तळव्याच्या बुडाशी करंगळीच्या बाजूने हातात शिरते. शरीराचा भार तळव्याच्या त्या भागावर टेकला, तर ही बोटे बधिर होतात. सायकलस्वारांमध्ये हा त्रास वर्षानुवर्षे ओळखीचा आहे.

पाचही बोटे किंवा अख्खा हात बधिर होत असेल, किंवा मानेपासून खांद्यातून कळ खाली येत असेल, तर मान आणि खांदा पाहावा लागतो. पाठीवर जड सॅक घेऊन जाणाऱ्यांच्या खांद्यावर पट्टा रुततो आणि त्यानेही हात जड होतो. सामान पाठीवरून काढून मागच्या सीटवर बांधले, एवढ्यानेच बरे वाटल्याचे अनेकांनी मला सांगितले आहे.

घाटवाटसरू, आपण सांगितलेली तीनही बोटे मीडियन नसेची आहेत. गाडीवर नसताना, विशेषतः रात्री झोपेत हात बधिर होऊन जाग येते का? हात झटकल्यावर बरे वाटते का? बरणीचे झाकण उघडताना किंवा शर्टाची बटणे लावताना जोर कमी पडतो का? यांपैकी काही होत असेल, तर हा केवळ प्रवासातला त्रास राहिलेला नाही आणि डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.

घाटवाटसरू | १० नोव्हेंबर, सकाळी ९.०५

स्पॅनर दादा, आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि मी थोडा हादरलो आहे. मूठ पूर्ण फिरवून सोडली तर ती आपोआप मागे जात नाही, अर्ध्यात अडकते आणि हाताने मागे न्यावी लागते. निरखून पाहिल्यावर दिसले की फोमची ग्रिप बाहेरच्या बाजूला सरकून टोकाच्या वजनाला घासते आहे. म्हणजे हात बधिर होऊ नये म्हणून बसवलेल्या दोन वस्तूच एकमेकींना अडवत होत्या आणि मी गेले कित्येक महिने ते घर्षण मनगटाच्या जोरावर सांभाळत होतो.

ताई, रात्रीबद्दल आपण विचारले. होय, गेले २–३ महिने पहाटे उजवा हात बधिर होऊन जाग येते. मी ते उशीखाली हात दबल्यामुळे असेल असे धरून चाललो होतो. जोर कमी झाल्याचे मात्र जाणवलेले नाही.

स्पॅनर | १० नोव्हेंबर, सकाळी ९.३०

गाडी आज चालवू नका. ॲक्सिलरेटर अडकणे हा हात बधिर होण्यापेक्षा फार मोठा धोका आहे. टोकाचे वजन आणि ग्रिप यांच्यामध्ये किमान १ मिलिमीटर मोकळी फट हवी. ग्रिप आत सरकवून घ्या किंवा कंपनीची मूळ ग्रिप परत बसवा. केबलही काढून आतून साफ करून तेल द्या. तरीही जड वाटली तर नवी टाका. मूठ फिरवल्यावर केबल ओढली जाण्याआधी थोडी मोकळीक असते, ती पुस्तिकेप्रमाणे ठेवा. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवल्यावर इंजिनाचे फेरे वाढता कामा नयेत.

फिजिओ कोल्हापूर | १० नोव्हेंबर, दुपारी १.२०

रात्री जाग येणे हे कार्पल टनेलच्या त्रासाचे अगदी नेहमीचे लक्षण आहे, कारण झोपेत मनगट नकळत वाकलेले राहते. आपण ऑर्थोपेडिक किंवा न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांना भेटावे. ते दोन्ही मनगटे पुढे वाकवून मिनिटभर धरून पाहतील आणि गरज वाटल्यास नर्व्ह कंडक्शनची, म्हणजे नसेतून संदेश नीट जातो का ते पाहणारी, तपासणी सांगतील. मधुमेह, थायरॉइड आणि बी-१२ यांच्या रक्ततपासण्याही बहुधा सांगितल्या जातील. शाकाहारी माणसांत बी-१२ कमी असणे आपल्याकडे वारंवार आढळते आणि ते कमी असेल तर नसा मुळातच नाजूक झालेल्या असतात. गाडीतले बदल त्याबरोबर करावेत, त्याऐवजी नव्हे.

ठाणे डिलिव्हरी | १० नोव्हेंबर, रात्री ११.५०

मी ठाण्यात खाद्यपदार्थ पोहोचवण्याचे काम करतो. गाडी ११० सीसीची आहे आणि रोज १० ते ११ तास रस्त्यावर असतो. माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट संध्याकाळनंतर बधिर होते. आमच्या कामातल्या बऱ्याच मुलांना हे होते, पण कोणी बोलत नाही, कारण हात दुखतो म्हटले तर त्या दिवसाचे पैसे जातात. माझी गाडी काही हायवेवर धावत नाही आणि वेगही जास्त नसतो. मग हे कशामुळे होत असेल? महागड्या वस्तू घेणे मला शक्य नाही.

फिजिओ कोल्हापूर | ११ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

आपण लिहिलेत हे फार चांगले झाले, कारण हा त्रास खरे तर रोज गाडीवर काम करणाऱ्यांचा आहे. सुट्टीत फिरणाऱ्यांना तो वर्षातून २–३ वेळा होतो.

आपली बोटे अल्नार नसेची आहेत. दोन गोष्टी पाहा. सिग्नलला थांबल्यावर किंवा गाडी चालवताना डाव्या तळव्याचे बूड ग्रिपच्या कडेवर टेकून राहते का? ग्रिपचे रबर गुळगुळीत झाले असेल किंवा आतली कड उघडी पडली असेल, तर ती थेट नसेवर दाबते. नवी साधी ग्रिप स्वस्त असते आणि ती बदलण्यासारखी आहे. दुसरे म्हणजे, ऑर्डर नसताना मोबाइल डाव्या हातात धरून कोपर पूर्ण दुमडून बराच वेळ पाहता का, आणि रात्री कोपर दुमडून हात उशीखाली घेऊन झोपता का? कोपर दुमडले की अल्नार नस कोपरामागे ताणली जाते. दिवसभर गाडीवर दमलेल्या नसेला नंतरही विश्रांती मिळाली नाही, तर ती सुधारत नाही. मोबाइल हँडलवरच्या होल्डरमध्ये किंवा पेटीवर ठेवून पाहा, आणि झोपताना कोपराभोवती जुना टॉवेल सैल गुंडाळा, म्हणजे ते पूर्ण दुमडले जात नाही. याला काहीही खर्च नाही.

अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग चपटा दिसू लागला किंवा बोटे पसरणे अवघड झाले, तर मात्र दिवस न घालवता सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात दाखवा. नस फार काळ दाबली गेली की स्नायू झिजतात आणि ते परत येतीलच असे नाही.

स्पॅनर | ११ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

ठाण्याच्या भावासाठी माझ्याकडून एक भर घालतो. शहरात डावा हात क्लचमुळे थकतो. क्लचची वायर सुकली असेल, तर लिव्हर दुप्पट जड लागते आणि आपण ती रोज शेकडो वेळा दाबतो. वायर काढून वरच्या टोकातून तेल सोडा, खालून स्वच्छ तेल टपकेपर्यंत. लिव्हरच्या पिनलाही ग्रीस द्या. लिव्हरच्या बुडाशी २ ते ३ मिलिमीटर ढिलाई ठेवा. वायरचे धागे तुटायला लागले असतील, तर नवी वायर टाका. तिची किंमत एका दिवसाच्या कमाईच्या आत बसते.

जुनी वाट | ११ नोव्हेंबर, रात्री ८.१०

मी १९८८ पासून गाडी चालवतो आणि आता निवृत्त आहे. आतापर्यंत गाडी आणि हात यांची चर्चा झाली. बसण्याची पद्धत मात्र राहून गेली आहे, आणि माझ्या मते खरे मूळ तिथे आहे.

हँडल हे गाडी वळवण्यासाठी असते, शरीर टेकवण्यासाठी नव्हे. पोट आणि कंबर सैल सोडून बसले की धड पुढे ओघळते आणि त्याचा सगळा भार तळव्यांवर येतो. सीट पुढच्या बाजूला उतरती असेल तर हे जास्तच होते, कारण माणूस हळूहळू टाकीकडे घसरतो आणि हाताने स्वतःला मागे ढकलत राहतो. गुडघ्यांनी टाकी हलकी धरावी, भार मांड्यांवर, कमरेवर आणि फूटरेस्टवर असावा, कोपरे थोडी वाकलेली असावीत. चालत्या गाडीवर सरळ रस्त्याला कोपरे पक्ष्याच्या पंखांसारखी किंचित वर-खाली हलवून पाहावीत. ती सहज हलली तर हात मोकळे आहेत. ताठ असतील तर आपण हँडलला लटकलेलो आहोत.

मूठही तशीच. हातात चिमणी धरली आहे असे समजून ग्रिप धरावी. भीती वाटते तेव्हा माणूस मूठ आवळतो : ट्रकच्या शेजारून जाताना, पावसात, रात्री समोरून येणाऱ्या प्रखर दिव्यांत. हे स्वाभाविक आहे, पण तो प्रसंग संपल्यावर मूठ पुन्हा सैल करायची आठवण ठेवावी लागते. मी दर किलोमीटरच्या दगडाला मनात मूठ सैल करत असे, आणि पुढे त्याची सवयच झाली.

आणि थांबा. सलग ३ तास चालवून अंतर लवकर कापले जाते हा समज चुकीचा आहे. मी तासाला एकदा ५ मिनिटे उतरतो, हातमोजे काढतो, बोटे पसरतो आणि मिटतो.

दोन चाके एक घर | १२ नोव्हेंबर, सकाळी ११.००

काकांच्या म्हणण्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एका गोष्टीवर मला आग्रहाने लिहायचे आहे. माझी उंची ५ फूट १ इंच आहे आणि माझे हात लहान आहेत. मूठ सैल धरा असे मला कितीही सांगितले, तरी लिव्हरच जेमतेम बोटांच्या टोकांना पोहोचत असेल तर मूठ सैल राहणार कशी? गाड्या बनवताना सरासरी पुरुषाचा हात डोळ्यांसमोर असतो आणि आमच्यासारख्यांना प्रत्येक वेळी बोटे ताणून क्लच गाठावा लागतो. मी अंतर कमी-जास्त करता येणाऱ्या लिव्हर बसवल्या आणि लिव्हर ग्रिपच्या जवळ आणली. अंगठ्याच्या बुडाचा त्रास त्यानेच संपला. क्लच जवळ आणताना तो पूर्ण सुटतो ना, आणि ब्रेक लावल्यावर लिव्हर ग्रिपला टेकत नाही ना, हे उभ्या गाडीवर तपासून घ्यावे.

जाड फोमच्या ग्रिप लहान हातांना तर मुळीच घेऊ नयेत. गोलाई जितकी मोठी, तितकी मूठ अर्धवट मिटते आणि ती धरून ठेवायला हाताच्या स्नायूंना जास्त जोर लावावा लागतो. थरथर कमी झाल्यासारखी वाटते आणि थकवा मात्र वाढतो.

स्पॅनर | १२ नोव्हेंबर, दुपारी २.१५

ताई, आपले म्हणणे मला पूर्ण पटते. टोकाच्या वजनांबद्दलही गैरसमज आहे, म्हणून लिहितो. हँडलचा पाइप हा स्वतःच्या एका ठरावीक गतीने थरथरणारा असतो आणि इंजिनाचे फेरे त्या गतीशी जुळले की थरथर कित्येक पटींनी वाढते. टोकाला वजन लावले की पाइपची ती गती खाली येते, म्हणजेच थरथरीचा पट्टा वेगळ्या फेऱ्यांवर सरकतो. तो पट्टा आपण कधी वापरत नाही अशा फेऱ्यांवर गेला तर आनंद. नेमका रोजच्या ८० च्या वेगावर आला तर वजन लावून त्रास वाढेल. म्हणून आधी कोणत्या फेऱ्यांना त्रास होतो ते लिहून ठेवावे. पुष्कळदा ५ किलोमीटरने वेग कमी किंवा जास्त केला की हात शांत होतो, आणि तो उपाय फुकट आहे.

लीड्सचा नगरी | १२ नोव्हेंबर, रात्री ११.३०

मी मूळचा अहिल्यानगरचा, सध्या इंग्लंडमध्ये राहतो. इथे ड्रिल, ग्राइंडर आणि करवती वापरणाऱ्या कामगारांसाठी हाताला बसणाऱ्या कंपनांची कायदेशीर मर्यादा आहे. आठ तासांच्या दिवसाची सरासरी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाली की मालकाने उपाय करायचे आणि ५ च्या वर जाऊ द्यायचे नाही, असा नियम आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात हेच आकडे आहेत. यात दिवसभरातला एकूण वेळ मोजला जातो, म्हणूनच ठाण्याच्या मित्राचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला.

दुसरी गोष्ट थंडीची. थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि त्याची भर पडून बधिरपणा लवकर येतो. बोटांची टोके पांढरीफटक पडत असतील आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकत असतील, तर तो नस दाबल्याचा प्रकार नाही, रक्तवाहिन्यांचा आहे. कंपनांमुळेही तो होऊ शकतो आणि धूम्रपानाने वाढतो. आपल्याकडे डिसेंबरात महाबळेश्वर किंवा पहाटेचे नाशिक गाठणाऱ्यांनी हँडलवर हातांपुढे वारा अडवणारे गार्ड लावावेत. हातमोजा जाड घेण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होतो, कारण जाड मोज्यात पुन्हा मूठ आवळावी लागते.

फिजिओ कोल्हापूर | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

हातमोज्यांबद्दल थोडे लिहिते. बऱ्याच मोज्यांना तळव्याच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूला, पडल्यावर हात घसरावा म्हणून प्लास्टिकचा कडक तुकडा असतो. तो सुरक्षेसाठी चांगला आहे, पण काहींच्या हातात तो नेमका अल्नार नसेवर बसतो. दुकानात मोजा घालून ग्रिपसारखा पाइप १० मिनिटे धरून पाहावा. मनगटाचा पट्टा मोजा निसटणार नाही इतका घट्ट हवा, पण त्याखाली घड्याळ नको आणि जॅकेटची बाही कोंबलेली नको. मोजे न घालणे हा मात्र पर्याय नाही.

घाटवाटसरू | २१ डिसेंबर, रात्री ९.१५

मंडळी, सहा आठवड्यांनी लिहितो आहे, कारण अर्धवट माहिती देण्याची इच्छा नव्हती.

डॉक्टरांनी तपासणी करून उजव्या मनगटात सौम्य कार्पल टनेल असल्याचे सांगितले. बी-१२ कमी निघाले, त्याची औषधे सुरू आहेत. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपतो आणि तिसऱ्या आठवड्यापासून पहाटे जाग येणे जवळजवळ थांबले आहे. पहिले ३ आठवडे त्यांच्या सांगण्यावरून गाडी पूर्ण बंद ठेवली.

गाडीवर फोमच्या ग्रिप काढून मूळच्या बसवल्या आणि ॲक्सिलरेटरची केबल नवी टाकली. इंजिन माउंटिंगचा खालचा एक बोल्ट खरोखरच सैल निघाला. पण सर्वांत मोठा फरक लिव्हरच्या कोनाने पडला. माझ्या दोन्ही लिव्हर जमिनीला समांतर होत्या, त्यामुळे बोटे लिव्हरवर ठेवली की मनगट मागे वाकत असे. त्या खाली वळवल्या. त्याबरोबर मी मूठ धरण्याची जागाही बदलली : ॲक्सिलरेटर बंद असताना मूठ थोडी पुढून धरतो, म्हणजे नेहमीच्या वेगापर्यंत फिरवल्यावर मनगट सरळ रेषेत येते. पूर्वी मी बंद असतानाच सरळ मनगटाने धरत असे आणि फिरवल्यावर ते खाली पडत असे.

गेल्या रविवारी ताम्हिणी घाटातून माणगावपर्यंत जाऊन आलो. तासाला एकदा थांबलो. परतीच्या शेवटच्या टप्प्यात तर्जनीच्या टोकाला किंचित मुंग्या आल्या, त्यापलीकडे काही झाले नाही. घाट उतरताना लिव्हरचा प्रत्येक दाब बोटांना कळत होता. पत्नी या वेळीही मागे होती.

ठाणे डिलिव्हरी | २२ डिसेंबर, मध्यरात्री १२.१०

दादा, वाचून बरे वाटले. मीही क्लच वायरला तेल दिले, ग्रिप बदलली आणि मोबाइल होल्डरमध्ये ठेवतो. कोपराला टॉवेल बांधून झोपतो. करंगळी अजून बधिर होते, पण आता रात्री ९ नंतर होते, पूर्वी ६ वाजताच होत असे. येत्या मंगळवारी सिव्हिलमध्ये दाखवणार आहे. लिव्हर किती खाली वळवायची, ते कसे मोजायचे? माझ्या गाडीचा पुढचा ब्रेक वायरचा आहे.

घाटवाटसरू | २२ डिसेंबर, सकाळी ८.४५

मी केले ते असे. आधी क्लॅम्प आणि पाइप यांवर खडूने एक रेघ मारून ठेवा, म्हणजे जुनी जागा परत सापडते. गाडी मधल्या स्टँडवर लावून नेहमीसारखे बसा आणि बोटे लिव्हरवर ठेवा. कोणाला तरी ३० सेंटिमीटरची पट्टी तुमच्या हाताच्या वरच्या बाजूने, मनगटाच्या दोन्ही बाजूंना टेकवून धरायला सांगा. मनगटापाशी खोलगा पडून पट्टी टेकत नसेल, तर लिव्हर अजून वर आहे. क्लॅम्पचे बोल्ट थोडे सैल करून लिव्हर एका वेळी ४–५ मिलिमीटरच फिरवा आणि पुन्हा बसून पाहा. मला एकूण बोटाच्या एका पेराएवढी खाली घ्यावी लागली. वायरचा ब्रेक असल्याने तुम्हाला लिव्हरबरोबर फिरणाऱ्या ब्रेक-ऑइलच्या डबीची चिंता नाही, पण हँडल पूर्ण वळवून दोन्ही वायरी ताणल्या जात नाहीत ना, ते पाहा. बोल्ट आवळल्यावर गल्लीत हळू वेगाने ५–६ वेळा ब्रेक लावून बघा आणि मगच कामावर निघा. मंगळवारी डॉक्टर काय म्हणतात ते इथे नक्की लिहा.